रक्तवाहिन्यांचा हार्मोन वाढलाय, आता काय करायचं?

पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं आहे. थोडक्यात असं:

"माझ्या वडिलांची, अण्णांची (वय ६४), सात आठवड्यांपूर्वी बायपास झाली. तीन ग्राफ्ट (हृदयाला रक्त नेणाऱ्या जोडवाटा) : एक छातीतली धमनी, दोन पायातल्या शिरा. ऑपरेशननंतर बीपी फार खाली गेलं म्हणून दीड दिवस व्हॅसोप्रेसिनचं सलाईन होतं. घरी आल्यावर एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही 'रक्तवाहिन्यांचं पॅकेज' म्हणून रक्ततपासणी केली. त्यात एंडोथेलिन वाढलेलं आलंय, पुढे चांदणी आहे. टी-३ (थायरॉइडचा हार्मोन) कमी आलंय. हिमोग्लोबिन ९.८ आहे. नेटवर वाचलं की एंडोथेलिन वाढलं की नळ्या आकसतात आणि बायपास बंद पडतो. अण्णांनी ते ऐकलं आणि चालणंच सोडलं. बीपी १०४/६६ आलं म्हणून मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या तीन दिवसांपासून बंद केल्यात. शीर काढलेला पाय सुजतो, आता दुसराही थोडा. रात्री खुर्चीत बसूनच झोपतात. मशेरी पुन्हा सुरू केलीय. एंडोथेलिन कमी करणारी बोसेन्टान नावाची गोळी असते म्हणे, आणि एकजण आर्जिनिनची पावडर द्या म्हणतात. काय द्यावं? शिवाय एक दाढ किडलीय, ती काढायला अ‍ॅस्पिरिन थांबवायचं का?"

ताई, तुम्ही पत्राची सुरुवात एंडोथेलिनने केलीत आणि अण्णा खुर्चीत झोपतात हे जाता जाता लिहिलंत. आम्ही उलट क्रमाने उत्तर देणार आहोत, कारण आज कारवाई करायची आहे ती खुर्चीवर.

अण्णांना विचारा, खुर्ची का? "छातीच्या हाडाला ओढ बसते, कूस बदलताना टोचतं" असं म्हणाले तर ते सातव्या आठवड्यातही नवल नाही. पण आडवं झाल्यावर दोन-पाच मिनिटांत दम कोंडतो, कोरडा खोकला येतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, असं असेल तर फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता धरायची. त्यातच दुसरा पायही सुजायला लागलाय. शीर काढलेला एकच पाय सुजणं हे दोन-तीन महिने चालतं, कारण रक्त आणि पाणी वर नेणारी एक वाट त्या पायातून काढून घेतलेली असते. दोन्ही पाय सुजणं ही वेगळी गोष्ट आहे. नडगीच्या हाडावर अंगठा पाच सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा राहतो का, आणि तो घोट्यापाशीच आहे की गुडघ्याच्या दिशेने वर चढलाय, हे दोन्ही पायांवर पाहा आणि लिहून ठेवा.

हे पाहून सोमवारची वाट बघू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना किंवा तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा आणि हीच तीन वाक्यं सांगा : आडवं झाल्यावर दम लागतो की नाही, दोन्ही पायांना सूज आहे, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल तीन दिवस बंद आहे. ते बहुधा छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील. छातीतली डावी धमनी काढताना फुप्फुसाचं आवरण बहुतेकदा उघडलं जातं, त्यामुळे डाव्या बाजूला पाणी साठणं ही बायपासनंतरची नेहमीची भानगड आहे आणि एक्स-रेमध्ये ती चटकन दिसते. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येऊन तिथे पाणी झालं तर ते इकोत कळतं. त्यात सहसा बारीक ताप असतो, आणि आडवं झाल्यावर वाढणारं, पुढे वाकून बसल्यावर कमी होणारं छातीतलं दुखणं असतं. बसल्या जागी दम, ओठ निळे, छातीत दाब किंवा घाम येऊन ग्लानी, यातलं काहीही झालं तर फोनच्या भानगडीत न पडता १०८ बोलवा.

आता हार्मोनकडे येऊ.

रक्तवाहिनीच्या आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. नुसता लेप म्हणून ते तिथे नसतं, रक्तवाहिनी किती उघडायची आणि किती आवळायची हे तेच ठरवतं. आवळण्यासाठी ते जे रसायन सोडतं त्यातलं सर्वांत जोरकस म्हणजे एंडोथेलिन. जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी ते १९८८ मध्ये शोधलं. २१ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी आहे, आणि तिची घडण एका बिळात राहणाऱ्या आफ्रिकी-अरबी सापाच्या विषाशी जवळजवळ जुळते. तो साप चावल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्याच कुलुपात आपल्या शरीराची ही किल्ली बसते. उघडण्यासाठी तेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्यावरच्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं. अण्णांच्या छातीतून घेतलेल्या धमनीचं अस्तर हे नायट्रिक ऑक्साइड भरपूर सोडतं. दहा वर्षांनी ती धमनी दहापैकी नऊ जणांत चालू असते आणि पायातली शीर पाच-सहा जणांत, यामागचं एक मोठं कारण हेच आहे. शिरेचं अस्तर धमनीचा दाब सोसायला घडलेलं नसतं.

ऑपरेशनमध्ये एंडोथेलिन वाढतंच. हार्ट-लंग मशीन वापरलं असेल तर रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं, त्याने अंगभर दाह होतो. महाधमनीला चिमटा लावल्यामुळे हृदय काही काळ उपाशी राहतं, मग एकदम रक्त मिळतं, त्या धक्क्यात अस्तर एंडोथेलिन ओकतं. वर, एंडोथेलिन रक्तातून काढून टाकण्याचं मोठं काम फुप्फुसं करतात, आणि मशीनवर असताना रक्ताने फुप्फुसांची वाट टाळलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी पातळी चढते आणि पुढच्या काही दिवसांत उतरते. ज्यांच्यात ती पहिल्या २४ तासांत फार चढलेली असते त्यांना आयसीयूमध्ये जास्त दिवस काढावे लागतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे, आणि नेटवर तुम्ही वाचलंत त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं. पण ते आकडे ऑपरेशनच्या पहिल्या दिवसाचे आहेत. काही आठवड्यांनंतरच्या एका तपासणीवरून ग्राफ्ट बंद पडेल की नाही हे सांगता येत नाही.

तुम्हाला हेही कोड्यात टाकत असेल की तेव्हा बीपी वाढवायला औषध द्यावं लागलं, म्हणजे नळ्या सैल पडल्या होत्या, आणि आता त्या आवळल्यात म्हणतात. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळच्या आहेत. मशीनवरून उतरताना काहींच्या रक्तवाहिन्या एकदम ढिल्या पडतात. डिस्चार्ज कार्डावर 'व्हॅसोप्लेजिया' असा शब्द असेल, तो त्याचाच. दाहामुळे नायट्रिक ऑक्साइड बेसुमार वाढतं आणि मेंदूतून येणारा व्हॅसोप्रेसिन हा हार्मोन कमी पडतो, म्हणून तोच बाहेरून थेंबाथेंबाने देतात, मिनिटाला एका युनिटचा शंभरावा भाग ते त्याच्या चौपट. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर ही शक्यता वाढते. दीड दिवसात अण्णांचं सलाईन निघालं, म्हणजे तो प्रश्न तिथेच संपला. त्याचा आजच्या अशक्तपणाशी काही संबंध नाही.

मग चांदणीचं काय? पहिलं म्हणजे हे माप फार बारीक आहे. एका मिलिलिटर रक्तद्रवात एंडोथेलिन मोजके पिकोग्रॅम असतं, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. दुसरं, अस्तर हे रसायन रक्ताकडे कमी आणि मागच्या बाजूला, स्नायूकडे जास्त सोडतं. रक्तात सापडतं ते सांडलेलं. ताटातलं जेवण किती हे ताटाबाहेर पडलेल्या शितांवरून मोजावं, तसं. तिसरं, नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवायचा, थंडच फिरवायचा आणि रक्तद्रव लगेच गोठवायचा असतो. घरी येऊन सुई टोचणारा मुलगा नळी बर्फाशिवाय पिशवीत टाकून गेला असेल आणि ती बसने दुसऱ्या शहरात पोहोचली असेल, तर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायला जागा नाही. चौथं, दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच बायपासनंतरच्या नेहमीच्या तपासण्यांत एंडोथेलिन कुणी सांगत नाही. ती तपासणी पुन्हा करू नका. त्या पैशात चांगला वजनकाटा येतो आणि तुम्हाला त्याची खरी गरज आहे.

आकडा खरा आहे असं मानलं तरी या टप्प्यावर एंडोथेलिन वाढवणारी कारणं ओळखीची आहेत : तंबाखू, आटोक्यात नसलेलं बीपी, साखर, मूत्रपिंडाचा अशक्तपणा आणि हृदयाची पंपिंग कमी असणं. यातलं किमान एक, तंबाखू, अण्णांच्या घरात आजही आहे. तुमच्या पत्रातली मशेरी आम्हाला चांदणीपेक्षा कितीतरी मोठी वाटली.

बोसेन्टान नको, आणि हे जरा जोर देऊन सांगतो. ते फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याच्या आजारावरचं औषध आहे, त्यासाठी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. एंडोथेलिन अडवलं की हृदय सुधारेल, या आशेने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत ते देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही, अंगात पाणी मात्र साठलं. त्याने पाय सुजतात, हिमोग्लोबिन उतरतं, यकृताची दर महिन्याला तपासणी लागते. अण्णांचे पाय सुजलेले आणि हिमोग्लोबिन ९.८. शिवाय मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड चालू असेल तर बोसेन्टान बरोबर घ्यायचंच नसतं, आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीचा असर ते कमी करतं. म्हणजे एका चांदणीपायी ग्राफ्ट वाचवणारी गोळी लंगडी करायची. याच घराण्यातलं नवं औषध, अ‍ॅप्रोसिटेन्टान, २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण तेही तीन-चार गोळ्यांना न जुमानणाऱ्या बीपीसाठी. अण्णांचं बीपी १०४ आहे.

आर्जिनिनची पावडरही नको. शरीर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं हे खरं, आणि म्हणूनच जिममधले लोक आणि दुकानदार ती खपवतात. पण नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना सहा महिने आर्जिनिन देऊन पाहणारा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फायदा तर नाहीच, आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, औषध नसलेल्या साध्या पावडरीच्या गटात एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. डबा आणला असेल तर परत करा.

टी-३ चं सोपं आहे. मोठ्या ऑपरेशननंतर शरीर खर्च कमी करतं, त्यात टी-३ खाली येतं. टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारा हार्मोन) नॉर्मल असेल तर थायरॉइडची गोळी सुरू करायची नसते, उगाच हृदयाला पळवल्यासारखं होतं. तीन महिने झाल्यावर फक्त टीएसएच पुन्हा करा.

हिमोग्लोबिन ९.८ हे मात्र थकव्याचं खरं कारण असू शकतं. ऑपरेशनमधला रक्तस्राव, रक्त पातळ होणं आणि रोजच्या तपासण्यांसाठी काढलेलं रक्त मिळून हे होतं. डॉक्टरांना लोहाच्या गोळीबद्दल विचारा. दिली तर सकाळी उपाशीपोटी किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि तिच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. पण लोह सुरू नसताना शौच डांबरासारखं काळं, चिकट झालं तर ते पोटात रक्त जात असल्याचं लक्षण असू शकतं, कारण अण्णा अ‍ॅस्पिरिनवर आहेत. त्याच दिवशी कळवा. आणि अण्णांना मधुमेह असेल आणि रक्त चढवलं असेल, तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, पुढचे तीन महिने फसवी येते. तोवर ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, असं आठवड्यातून तीन दिवस बघा.

बंद केलेल्या गोळ्यांकडे वळतो. १०४/६६ हे बायपास झालेल्या माणसासाठी वाईट बीपी नाही, चक्कर येत नसेल तर. चक्कर बघायची रीत अशी : पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसू द्या, अर्ध्या तासात चहा नको, मग बीपी घ्या. उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टर डोस बदलतील. एकदा दोन्ही हातांत मोजा. छातीतली धमनी डाव्या हाताला जाणाऱ्या मोठ्या धमनीतूनच फुटते, तेव्हा डाव्या हाताचं बीपी उजव्यापेक्षा १५-२० ने कमी आलं तर ते आवर्जून सांगा. ती वाट अरुंद झालेली असू शकते आणि त्याचा ग्राफ्टवर थेट परिणाम होतो.

मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं की अडवून धरलेला अ‍ॅड्रिनॅलिनचा जोर एकाएकी मोकळा होतो. ठोके वाढतात, ताल बिघडू शकतो. रॅमिप्रिल थांबवलं की अँजिओटेन्सिन हा रक्तवाहिन्या आवळणारा हार्मोन वाढतो, आणि अँजिओटेन्सिन अस्तराला एंडोथेलिन सोडायला लावतं. म्हणजे एकीकडे एंडोथेलिनची भीती, आणि दुसरीकडे एंडोथेलिन वाढवणारीच गोष्ट केली. पण तीन दिवस खंड पडला आहे आणि पायांना सूज आहे, म्हणून आपल्या मनाने जुन्या डोसवर सुरू करू नका. आजच्या फोनमध्येच किती मिलिग्रॅमपासून सुरू करायचं ते विचारून घ्या. सकाळी उठल्यावर नाडी ५० च्या खाली असेल तर तेही सांगा. रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागला असेल तर तो सोसत बसू नये, प्रत्येक ढासेला छातीचं हाड हलतं. टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी असते, तिने सहसा खोकला येत नाही. कुठलीही सुरू केली की एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम बघायचं.

अ‍ॅस्पिरिन चालू आहे हे दाढेच्या प्रश्नावरून दिसतं; अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनही चालू असेल असं आम्ही धरतो, पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल तर हाही आजच्याच फोनचा विषय. शिरेचे ग्राफ्ट पहिल्या वर्षात बंद पडतात ते मुख्यतः आत गुठळी होऊन आणि शिवणीपाशी अस्तर जाड होऊन, आणि या दोन गोळ्या नेमक्या तिथे काम करतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली हवं, बरेच डॉक्टर आता ५५ च्या खाली धरतात. अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा त्यांची मिश्रणं आणू नका. मूत्रपिंड, बीपी, सूज, पोट, सगळ्यालाच ती नडतात. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम चालते, दिवसाला सहापेक्षा जास्त नाही.

मशेरीबद्दल. धूर नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते. हिरडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं, आणि दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं दातांना लावली तर रक्तवाहिन्या दिवसभर आवळलेल्याच राहतात. अण्णांना रागावून उपयोग नाही. मशेरी कधी लागते ते बघा : सकाळी शौचाला जाण्याआधी, चहानंतर, जेवणानंतर. बऱ्याच जणांना तिच्याशिवाय पोटच साफ होत नाही, आणि कुंथणं नको म्हणून ते पुन्हा डबी उघडतात. मग रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल आणि सकाळी गरम पाणी, हा त्या वेळेचा उपाय. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर काही आठवडे खुर्चीचं भांडं ठेवा, म्हणजे नळाला धरून उठताना छातीला ओढ बसणार नाही. जेवणानंतर बडीशेप, भाजलेला ओवा किंवा लवंग. तरी तल्लफ राहिली तर डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम : चावत सुटायचं नाही, चार-पाचदा चावून गालाशी दाबून ठेवायचं, चुणचुण थांबली की पुन्हा. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६, मोफत आहे, मराठीत बोला. घरातली डबी मात्र आजच बाहेर. आजीही लावत असतील तर त्यांचीसुद्धा, कारण अण्णा तिथूनच घेणार.

चालणं. दम आणि सूज यांचा निकाल लागून डॉक्टरांनी हो म्हटलं की त्याच दिवशी सुरू करा. चालताना रक्ताचा वेग वाढतो, वाहतं रक्त अस्तराला घासून जातं, आणि त्या घासण्यानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, एंडोथेलिन आवरतं. ज्या हार्मोनच्या धास्तीने अण्णा बसून राहिले त्याचा सगळ्यात खात्रीचा उतारा हा आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या डॉक्टरांनी २००० साली दाखवून दिलं की चार आठवड्यांच्या नेमाच्या व्यायामाने हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडण्याची ताकद सुधारते. तिथे रुग्ण एकदम तासभर घाम गाळत नव्हते, दहा-दहा मिनिटं दिवसातून सहा वेळा.

अण्णांसाठी सुरुवात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट जागेवर. मग रोज प्रत्येक फेरीला एक मिनिट वाढवा. तीन आठवड्यांत २५ मिनिटांपर्यंत पोहोचाल. एखाद्या दिवशी जास्त थकले तर दुसऱ्या दिवशी आदल्या आकड्यावर या, थांबू नका. वेग किती? चालता चालता तुमच्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. मेटोप्रोलॉलवर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. जेवणानंतर दीड तास नको. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत, नाहीतर घरातल्या ओसरीवर. पहिली आणि शेवटची दोन मिनिटं सावकाश, झटकन थांबलं की रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, ठोके वेडेवाकडे, अशा वेळी थांबायचं आणि कळवायचं. अण्णांना शिरेच्या पायात ओढल्यासारखं होईल, तो टाके आणि मज्जातंतू भरून येण्याचा भाग आहे. पोटरी एका बाजूला गरम, कडक आणि दुखरी झाली तर ती गुठळी असू शकते, दाखवायचं.

दवाखान्यातून मिळालेलं श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र असेल, ते शोधून काढा. बहुतेक घरी ते टीव्हीवर धूळ खात असतं, आणि वापरतात ते फुगा फुगवल्यासारखं फुंकतात. ओठ नळीभोवती घट्ट लावून श्वास आत ओढायचा, सावकाश. पहिला चेंडू वर राहील, दुसरा उचलेल, तिसऱ्यासाठी झटका मारायचा नाही. तीन सेकंद धरून ठेवायचा, सोडायचा. दर जागत्या तासाला दहा वेळा. खोकला आला की छोटी उशी छातीवर दोन्ही हातांनी आवळून मगच खोकायचं.

वजन रोज सकाळी लघवी करून, चहाआधी, एकाच कपड्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीतच लिहा. एका दिवसात एक किलो किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, जेवण नाही. मीठ घरातल्या सगळ्या पदार्थांत मिळून अण्णांच्या वाट्याला दिवसाला सपाट एक चहाचा चमचा, पाच ग्रॅम. लोणचं, पापड, खर्डा आणि बेकरीचं खारं यांच्यातच तो चमचा संपतो.

छातीचं हाड तारांनी बांधलंय, ते पक्कं व्हायला तीन महिने. तोवर चार किलोच्या वर काही नाही. भरलेली मोठी बादली पंधरा किलोची असते, भरलेलं सिलिंडर तिसाच्या आसपास. स्कूटर तीन महिन्यांनी. हात टेकून छातीवर जोर आणत उठायचं नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. हाडातून कटकट आवाज, व्रणातून पाणी, १००.४ च्या वर ताप, असं काही झालं तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर त्याच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, फेरतपासणीतलं काय योजनेत बसतं ते.

राहिली दाढ. अ‍ॅस्पिरिन थांबवू नका. एक दाढ काढल्यावर होणारा रक्तस्राव कापसाची गुंडाळी अर्धा तास दाबून आणि लागलाच तर एक टाका घालून थांबतो. बंद झालेला ग्राफ्ट असा थांबवता येत नाही. क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दुसरी गोळीही चालू असेल तर दातांच्या डॉक्टरांना हृदयाच्या डॉक्टरांशी बोलू द्या, सुट्टी ठरवायची असेल ती त्यांनी ठरवायची. दुखत नसेल तर दाढ आणखी महिनाभर थांबू शकते. सुजली, पू आला किंवा ताप आला तर मात्र लांबवू नका. दाखवायला जाताना गोळ्यांची पाकिटंच बरोबर न्या, चिठ्ठीवर नावं उतरवताना चुका होतात. दुपारची वेळ नको, सकाळची घ्या, म्हणजे रात्री रक्त येत राहिलं असं व्हायचं नाही.